मागच्या सीटमधला कापूस

चैत्रातल्या एका सकाळी उंद्रीहून चिखलीला जाताना गाडीत एकाएकी जळक्या कापसाचा वास आला. कापसाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला या वासाची ओळख कुणी करून द्यावी लागत नाही. जिनिंगच्या आवारात किंवा भरल्या बैलगाडीवर कुणाच्या विडीची ठिणगी पडली की जो करपट, किंचित गोडसर धूर निघतो, त्याची भीती आमच्या अंगात लहानपणीच मुरलेली असते. मी एका कडुनिंबाखाली गाडी उभी केली आणि धावत जाऊन पुढचं झाकण उघडलं. झाडाखाली मोहराचा सडा पडला होता, ऊन अजून कोवळं होतं, इंजिन नेहमीइतकंच तापलेलं होतं, आणि मी मात्र दहा मिनिटं त्याच्याकडे आरोपीकडे पाहावं तसा रोखून पाहत उभा होतो. वास मागून येत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. थोड्या वेळाने तो आपोआप विरला आणि कोर्टाला उशीर होत होता म्हणून मी निघालो.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. मी उंद्रीत बाबांजवळ राहून चिखलीच्या कोर्टात वकिली करत होतो. आई त्याआधीच गेली होती आणि घरात आम्ही दोघेच पुरुष होतो. रोज यष्टीच्या धुळीतून जाण्यायेण्याचा कंटाळा आला म्हणून मी जुनी मोटार घेतली, असं मी सगळ्यांना सांगत असे. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते बाबांना आणि मला दोघांनाही न बोलता ठाऊक होतं.

माझी थोरली बहीण, ताई, जळगाव जामोदला दिलेली. अक्षय तृतीया, म्हणजे आमची आखाजी, जवळ आली की सासुरवाशिणीला न्यायला माहेरचा माणूस जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. लेकी वेशीकडे डोळे लावून त्याची वाट पाहतात. सात वर्षांपूर्वी बाबा असेच मुऱ्हाळी होऊन गेले होते. ताईला सहावा महिना होता, पहिलीच खेप. खामगावापर्यंत मोटार मिळाली. तिथून उंद्रीपर्यंत बाबांनी स्वतःची बैलगाडी आणली होती, खाली कडबा, वर गोधड्या, वैशाखाचं ऊन लागू नये म्हणून तट्ट्याची सावली. गावाच्या अलीकडे एक नाला आहे. त्याच्या उतारावर बैल बिचकले, गाडीचं चाक दगडावरून खाली आदळलं, आणि त्या संध्याकाळी ताईचं मूल गेलं.

कुणी कुणाला बोल लावला नाही. व्याही समंजस होते, ताई तर उलट बाबांचीच समजूत घालत होती. पण बाबांनी त्यानंतर जळगावचा रस्ता धरला नाही. दर आखाजीला ते काही ना काही निमित्त काढत. कधी नांगरटी असे, कधी विहिरीचं काम, आणि मी जातो म्हटलं तर म्हणत, ‘राहू दे, लेकरू तिथं सुखात हाये.’ सात वर्षांत ताईला पुन्हा दिवस गेले नव्हते. त्या वर्षी माघात तिचं पत्र आलं, आणि पाठोपाठ व्याह्यांचं. सूनबाईंना बाळंतपणाला माहेरी पाठवू, पण दोन गोष्टी हव्यात, असं त्यांनी लिहिलं होतं: वाहन मोटारीचं असावं, आणि मुऱ्हाळी म्हणून सूनबाईंच्या वडिलांनी स्वतः यावं. बाबांनी ते पत्र दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, ‘मोटार पाहा बापू एखादी. मी येतो.’

मोटार मिळाली ती नांदुऱ्याला. तिथल्या एका जिनिंग फॅक्टरीत जन्मभर मॅनेजरी करून निवृत्त झालेल्या एका वृद्ध गृहस्थांची ती होती. काळी, गोल पाठीची, परदेशी बनावटीची. हे मॅनेजरसाहेब विलक्षण सरळ मनुष्य होते. गाडी ताब्यात देताना त्यांनी माझ्या हातात सुवाच्य अक्षरात लिहिलेला एक कागद ठेवला: ‘किरकोळ दोष, एकूण सात.’ डावं दार किंचित वर उचलून लावावं लागे, हॉर्न घोगरा होता, काच पुसणारा दांडा अर्ध्यावर येऊन विसावा घेई, ब्रेक दोनदा दाबल्याशिवाय लागत नसे, एक खिडकी खाली गेली की वर यायला राजी नसे, थंड पडलेलं इंजिन हँडल मारल्याखेरीज जागं होत नसे. कागदावर सहाव्या क्रमांकाला लिहिलेला दोष असा होता: ‘मागची सीट बसली आहे, भरून घ्यावी.’ आणि सर्वांत खाली, अधोरेखित करून: ‘तारा सर्व नव्या आहेत.’ जुनी वस्तू विकणारा माणूस तिचे दोष स्वतः लिहून देतो, हे माझ्या वकिली बुद्धीला इतकं अपरिचित होतं की त्या कागदाचाच मला प्रथम संशय आला.

फाल्गुनात आम्ही दुरुस्तीला लागलो. आम्ही म्हणजे मी आणि रहमान मिस्त्री. मिस्त्री मूळचा विहिरींवरच्या तेलाच्या इंजिनांचा कारागीर, पण तारुण्यात फौजेच्या गाड्यांवर काम केलेला. बोलण्याआधी तो यंत्राला कान लावून ऐकत असे, आणि ऐकून झाल्यावरही फारसा बोलत नसे. त्याने सर्वांत आधी ब्रेक धरला. ‘गाडी चालन का नाई ते मंग पाहू साहेब, थांबली पायजे पयले,’ असं त्याचं म्हणणं होतं. रविवारची सकाळ गोठ्याशेजारच्या, गाडी ठेवलेल्या पडवीत कशी निघून जाई ते कळत नसे; ग्रीसचा, शेणाचा आणि शेजारच्या खोलीतल्या कापसाचा मिळून एक वास तिथे दरवळत राही, उन्हाचा पट्टा गाडीच्या काळ्या टपावरून सावकाश सरकत जाई, आणि एकेक दोष कागदावरून खोडताना मला खटला जिंकल्यापेक्षा अधिक समाधान वाटे. दार एका बोटाने लागू लागलं, काच वर येऊ लागली.

सहावा दोष मात्र बाबांनी आम्हाला हात लावू दिला नाही. सीट मी भरतो, म्हणाले. त्यांनी गावातल्या शिंप्याला बोलावलं, आतला कुजका काथ्या काढून फेकला, आणि कापसाच्या खोलीतून पहिल्या वेचणीचा, पांढराशुभ्र कापूस टोपलीने आणून स्वतःच्या हाताने भरला. मी कोर्टात होतो; संध्याकाळी परतलो तो सीट गच्च भरून शिवलेली होती, आणि बाबांनी ती चारी बाजूंनी पट्ट्या ठोकून अशी पक्की बसवली होती की गाडी उलटली तरी ती हलली नसती. मला त्यांनी तिच्यावर बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. ‘धक्का लागते का?’ मी नाही म्हटलं. ते स्वतः बसून पाहायला मात्र तयार झाले नाहीत.

पाडव्यानंतर कापूस विकला, खोली झाडून लख्ख झाली, आणि गाडीत नवे दोष उपजू लागले. हे कागदावरचे नव्हते. आधी मागचा लाल दिवा गेला. मिस्त्रीने तो जोडला तर पेट्रोलचा काटा पडला. काटा उठला तर फ्यूज जळाला आणि त्याच्याबरोबर हॉर्नचा उरलासुरला घोगरेपणाही गेला. नवा फ्यूज दोन दिवस टिके, कधी एकच. मिस्त्री पुढून प्रत्येक तार चाचपत जाई आणि डोकं हलवी. ‘कुठंतरी शॉट होऊन राह्यली साहेब. मांगची सीट उचलून पाहू का?’ त्यावर बाबा गोठ्यातून म्हणत, ‘तिले काऊन उचलता? पक्की बसवली हाये,’ आणि मिस्त्री वडीलधाऱ्या माणसाचा मान राखून गप्प राही. मलाही ते पटे. जे काम बाबांनी जिवाच्या कराराने केलं होतं त्यात दोष असेल, असा विचार मनात येणंसुद्धा मला कृतघ्नपणाचं वाटलं असतं.

मग त्या सकाळी तो जळका वास आला, आणि माझा तोल गेला. ‘तारा सर्व नव्या आहेत’ ही अधोरेखित ओळ माझ्या डोळ्यांपुढे नाचू लागली. सहा-सात खरे दोष कबूल करून त्यांच्या आड एक मोठा दोष दडवायचा, ही युक्ती मी अशिलांच्या तोंडून अनेकदा ऐकली होती. कोर्टातून परतताच मी बसलो आणि त्या वृद्ध माणसाला एक नोटीस लिहिली. कडक, मुद्देसूद, ‘हेतुपुरस्सर फसवणूक’ हे शब्द दोनदा वापरून. स्वतःच्या भाषेवर मी इतका खूष होतो की ती टपालात टाकण्याआधी एकदा मोठ्याने वाचूनही पाहिली. रागाच्या भरात लिहिलेला मजकूर फार सफाईदार उतरतो हे मला तेव्हा नुकतंच कळू लागलं होतं.

आखाजीला चार दिवस उरले असताना उत्तर आलं. साधं पोस्टकार्ड होतं आणि त्यावर तेच सुवाच्य अक्षर. रागाचा एक शब्द नव्हता. तारा त्यांनी स्वतः समोर उभं राहून बदलून घेतल्या होत्या, एवढं सांगून पुढे एकच प्रश्न विचारला होता: ‘सहावा दोष आपण कशाने दूर केला, ते कृपया कळवावे.’

मी कार्ड हातात घेऊन पडवीत उभा राहिलो. जिनिंगमध्ये हयात गेलेल्या माणसाने हे विचारलं, आणि कापसाच्या घरात जन्मलेल्या मला ते दोन महिन्यांत सुचलं नव्हतं. मिस्त्री आलेलाच होता. मी मागच्या सीटच्या पट्टीचा पहिला खिळा उपटला.

सीट उचलली तेव्हा खालच्या अंगाला वीतभर भोक होतं. कापसाचा मऊ गोळा करून उंदरिणीने घर केलं होतं आणि त्यात पाच-सहा गुलाबी पिलं आंधळेपणाने वळवळत होती. भोवती सरकीची, कापसातल्या बियांची, फोलपटं पसरली होती. बाबांनी कापूस सरकीसकट भरला होता. खोलीतला कापूस विकला गेल्यावर घरातले सगळे उंदीर उपाशी पडले, आणि दाण्याच्या वासाने इथे आले. दाणे खाऊन दात शिवशिवले की सीटखालून मागे जाणाऱ्या तारा कुरतडत. दोन ठिकाणी तांबं उघडं पडलं होतं. एका ठिकाणी त्याला चिकटून कापसाचा पुंजका होता, आणि तो कडेने काळा झाला होता. मिस्त्रीने तो चिमटीत धरून मला दाखवला. या सीटवर दोन-तीन दिवसांनी ताई बसणार होती.

बाबा बैलांना पाणी दाखवून येत होते. ते आमच्या मागे कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. मिस्त्री मात्र झटकन म्हणाला, ‘जुनंच घर हाये काका उंदरायचं. गाडी आली तवाचंच असन.’ इतक्या सहजपणे खोटं बोलताना मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. बाबा वाकले. त्यांनी एक सरकी उचलली, दाताखाली धरून फोडली, जिभेवर घेऊन पाहिली, आणि म्हणाले, ‘यंदाची हाये. आपल्या वावरातली.’

मग ते उंबऱ्यावर बसले. का भरली सरकी, असं आम्ही विचारलं नव्हतं, पण तेच सांगू लागले. सरकी काढलेला कापूस चार दिवसांत दबून जातो, सरकी असली की तो फुगून राहतो, लेकीला धक्का लागू नये एवढंच मनात होतं. बोलता बोलता थांबले. ‘माह्या हातानं त्या पोरीचं बरं होत नाही बापू. तू जा. मले नेऊ नोको.’

मुऱ्हाळी म्हणून बाबाच आले पाहिजेत, असं व्याह्यांनी लिहिलं होतं. बाबा गेले नाहीत तर ताई येणार नव्हती, आणि आता नाही आली तर ती या घरात पुन्हा कधी आली असती, कोण जाणे. बाबांचं चुकलं नाही असं म्हणणं खोटं होतं, आणि चुकलं असं म्हणणं माझ्या जिभेवर येत नव्हतं. मिस्त्रीने पिलं एका करवंटीत घालून दूर कुंपणाजवळ नेऊन ठेवली. मी सीटचं कापड उसवलं, कापूस अंगणात पसरला, कुरतडलेला आणि काळवंडलेला बाजूला काढला, आणि उरलेल्या चांगल्या ढिगापुढे बसून एकेका बोंडातून नखाने सरकी काढू लागलो.

मला ते मुळीच येत नव्हतं. वातींसाठी सरकी काढायचं काम बायकांचं. मी ते नुसतं पाहिलेलं. कापूस तुटत होता, सरकीला निम्मा चिकटून राहत होता, अर्ध्या तासात माझ्यापुढे मूठभरही ढीग झाला नाही. बाबा उंबऱ्यावरून पाहत होते. बराच वेळ त्यांनी सहन केलं. शेवटी उठले, आत गेले आणि आईचा पाट आणि लोखंडी सळई घेऊन आले. ‘सरक बाजूले. कापसाची माती करून राह्यला नुसती.’ पाटावर बोंड ठेवून त्यांनी वरून सळई फिरवली. सरकी टपकन पुढे पडली आणि मागे कापूस स्वच्छ उरला. आई असंच करायची. बाबांनी ते कधी शिकून घेतलं, की नुसतं पाहून त्यांच्या हाताला लागलं, मी विचारलं नाही.

ते दोन दिवस आम्ही तिघे पुरुष अंगणात सरकी काढत बसलो होतो. मिस्त्रीने मधून उठून तारा बदलल्या आणि त्या रबरी नळीतून ओवून घेतल्या; हॉर्नला मात्र हात लावायला वेळ मिळाला नाही. शेजारच्या बाया कुडावरून डोकावून तोंडाला पदर लावत. उन्हं चढत, लिंबाची सावली आखडत आखडत आमच्या पायांपाशी येई आणि पुन्हा लांबत जाई. कापसाची बारीक तूस भुवयांवर बसे. जाण्याबद्दल कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे फटफटलं तेव्हा मी गाडीपाशी गेलो, तर धुतलेलं धोतर, कोरा पटका अशा पोशाखात बाबा पुढच्या सीटवर आधीच बसलेले होते. डावं दार त्यांनी एका बोटाने लावून घेतलं.

वाटेत नांदुऱ्याला मी मॅनेजरसाहेबांच्या दारात उतरलो. मला माफी मागायची होती आणि त्यासाठी मी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांनी ती पूर्ण होऊ दिली नाहीत. चष्मा सावरत ते गाडीपाशी आले, मागचं दार उघडून सीटवर तळहात दाबला, तसाच थोडा वेळ ठेवला. ‘सरकी हाताने काढलेली दिसते,’ एवढंच म्हणाले. बाबा पुढे ताठ बसून होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झालेला मला दिसला. पुढे पूर्णेचं पात्र ओलांडल्यावर सातपुड्याची निळसर रेघ दिसू लागली, आणि बाबांनी दोनदा विचारलं, व्याही काय म्हणतील.

व्याही काहीच म्हणाले नाहीत. ते वेशीपर्यंत चालत आले होते. त्यांनी बाबांना मिठी मारली आणि दोघे म्हातारे भर रस्त्यात तसेच उभे राहिले. मला गाडी त्यांना वळसा घालून न्यावी लागली.

दुपार कलल्यावर आम्ही परत निघालो. ताई मागे बसली, पाठीशी उशी, एक हात पोटावर. जळगाव सोडलं तसे बाबा पुढच्या सीटवर आडवे वळून, मागे तोंड करून बसले ते बसलेच. ताईच्या चेहऱ्यावर जरा आठी आली की मला सांगत, ‘हळू.’ हॉर्न नव्हताच; रस्त्यात गुरं आली की बैलगाडी हाकताना देत तसा ते खिडकीतून आवाज देत आणि लगेच पुन्हा मागे वळत. नांदुरा गेलं, खामगाव गेलं. मानेला रग लागली असेल, पण त्यांनी एकदाही पुढे पाहिलं नाही. ताई दोनदा म्हणाली, ‘बाबा, मी बरी हाये न.’ त्याचा उपयोग झाला नाही.

उंद्री जवळ आली, ऊन पिवळं झालं, आणि तो नाला दिसू लागला. मी गाडी अगदी सावकाश केली. बाबांनी दोन्ही हातांनी सीटची पाठ घट्ट धरली होती. तेवढ्यात ताई मांडीखाली काहीतरी चाचपू लागली. शिवणीत बोट घालून तिने काढलं ते एक करडं, तूस लागलेलं बी होतं. आईजवळ बसून लहानपणी तिने सरकी काढलेली. तळहातावर घेऊन ती ते पाहत राहिली आणि हसून म्हणाली, ‘बाबा, कोणं काढली ही सरकी? एक राह्यली पाहा.’

बाबांनी हात लांबवून ती सरकी घेतली. थोडा वेळ बोटांत धरली, मग बंडीच्या खिशात टाकली. गाडी नाल्यात उतरत होती. बाबा वळले, आणि जळगाव सोडल्यापासून पहिल्यांदा रस्त्याकडे तोंड करून बसले.